दोन खुर्च्या, एक चौकट

३ मार्च, मंगळवार

कॅमेरा आला! जुनाच. लग्नांचं शूटिंग करणाऱ्याने नवा घेतला म्हणून हा माझ्या गळ्यात मारला. पण चालतो. ऑफिसातून सुटले ती थेट बाबांच्या सलूनमध्ये. बाकड्यामागच्या भिंतीला पालीसारखी चिकटले आणि बटण दाबलं. बाबा दिसले तर काका नाहीत. काका आले तर बाबा गायब.

म्हणजे कॅमेऱ्यानेही बाजू घेतली! घरातले सगळे आधीच दोन पार्ट्यांत वाटलेले, त्यात याची भर.

महिनाअखेर सलून बंद होतंय. मालकाला इमारत पाडायची आहे. बाबांनी मागच्या गल्लीत एका खुर्चीपुरता गाळा बघितलाय. काका मुलीकडे राहायला चाललेत — लांब, कायमचे. मी शाळेत होते तेव्हापासून हे दोघे भाऊ त्या लांबलचक आरशासमोर शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांचा एकत्र म्हणून एक फोटो नाही. एक आला की दुसऱ्याला नेमकं पाणी प्यायचं असतं. मला एवढंच हवंय — दोन खुर्च्या, दोन भाऊ, एक चौकट. मग आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघू नका म्हणावं.

४ मार्च

भांडणाचं कारण लिहून ठेवते, पुढे कुणाला खरं वाटणार नाही. मिशी!

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी बाबांनी काकांची दाढी केली आणि उजवीकडची अर्धी मिशी उडवली. मिशी कसली, संस्थान होतं ते. काका म्हणाले, "दादा, हे काय केलंस?" बाबा म्हणाले, "मुद्दाम केलं." बस्स. अबोला. काका पोटच्या पोरीच्या लग्नात रुमाल तोंडाला लावून उभे होते. लोकांना वाटलं, बापाला रडू आवरत नाही.

तेव्हापासून दोघे गिऱ्हाइकांमार्फत बोलतात. सगळ्यात जुनं टपालखातं म्हणजे गुरुजी — निवृत्त हेडमास्तर, एक दिवसाआड दाढीला हजर. आज काका त्यांना म्हणाले, "गुरुजी, सांगा तुमच्या कारागिराला, पंखा काही त्याच्या बापाचा नाही." गुरुजी फेसातून म्हणाले, "अहो, बाप तर तुमचा एकच आहे!"

पंखा बाबांच्या बाजूलाच राहिला.

७ मार्च, शनिवार

भिंगवाल्याकडे गेले. (दुकानावरच्या पाटीवर भारदस्त नाव आहे, पण अख्खा बाजार त्याला भिंगवालाच म्हणतो.)

"मागे सरकून घ्या ना शूटिंग, ताई."

"मागे भिंत आहे."

"मग भिंत पाडा, नाहीतर वाइड अँगल अडॅप्टर घ्या."

माणूस आवडला. कॅमेऱ्याच्या लेन्सवर हा दुसरा काचेचा ठोकळा फिरवून बसवायचा, की त्याच जागेवरून जास्त रुंद दिसतं. त्याने कॅमेऱ्याच्या लेन्सचं माप विचारलं. कॅमेरा घरी! धावत घरी, आईची शिवणाची टेप लावली, माप घेतलं, धावत परत. ऐटीत आकडा सांगितला. ऐटीत अडॅप्टर आणला.

८ मार्च

ऐट साबणात गेली.

अडॅप्टर ढिला होता. म्हटलं, बसेल. बाबा गुरुजींना फेस लावत होते, मी कॅमेरा जरा खाली केला — आणि डुबुक! ठोकळा थेट फेसाच्या वाडग्यात.

काका: "गुरुजी, आता दाढीला भिंग चोळतात वाटतं. नवी फॅशन."

बाबा: "गुरुजी, शेजारच्या खुर्चीला सांगा, काहींची मिशी शोधायला भिंगच लागतं."

गुरुजी हसले, फेस नाकात गेला, शिंकले. मी तासभर काच पुसत बसले. आई म्हणाली, "तुला मेलीला साधं माप घेता येत नाही, आणि म्हणे मी शूटिंग करणार!"

१० मार्च, मंगळवार

भिंगवाला पोट धरून हसला. माप बाहेरून घ्यायचंच नसतं म्हणे, आतल्या आट्यांचं असतं. आणि तेही घ्यायची गरज नाही — लेन्सच्या कडेला छापलेलं असतं! मी ते सजावट समजून सोडून दिलं होतं.

त्याने बदलून दिला. आता नवा घोळ — किती रुंद? पॉइंट सेव्हन, पॉइंट फाइव्ह, आणि एक तर सगळं गोल करणारा, त्यात माणसाचं नाक आधी आणि माणूस मागून येतो. आकडा जितका लहान तितकं जास्त दिसतं. आमच्या साहेबांचं नेमकं उलट — पद मोठं, दिसत काहीच नाही. मी हावरट. पॉइंट फाइव्ह उचलला. स्वस्तही होता.

दोन्ही खुर्च्या आल्या! पण चारही कोपरे काळे. नळकांड्यातून बघितल्यासारखं. थोडं झूम केलं की काळं जातं, पण मग काकाही जातात. शिवाय सलूनमधला एक केस काचेवर बसला होता, तो पडद्यावर दोरखंडाएवढा!

संध्याकाळी टीव्हीला जोडून बाबांना दाखवलं. "बघा, कडा काळ्या येतात. परत करावा लागणार."

बाबा पडद्याला नाक लावून बघत राहिले. "काळं कुठाय? चांगलं तर दिसतंय. उगाच खोड काढू नकोस."

मग चहा घ्यायला वळले आणि उजव्या हाताने कप लवंडला. आईने टेबल पुसता पुसता त्यांचा आणि त्यांच्या घराण्याचा उद्धार केला.

१४ मार्च

पॉइंट सिक्स! मधला मार्ग. जड आहे, कॅमेरा नाक खाली घालतो, पण कडा स्वच्छ. बाकड्यावरून दोघे पाठमोरे दिसतात आणि आरशात दोघांची तोंडं. मध्ये मी, गुडघे पोटाशी घेऊन. असू दे.

पण आवाज! काकांची ती घाणेरडी सवय — कंगवा समोरच्या काचेवर आपटतात. टक! दर मिनिटाला टक! बाबा त्यांना सुतारपक्षी म्हणतात (अर्थात गिऱ्हाइकाला सांगून). मी म्हटलं, "काका, जरा वेळ थांबवा ना." "सवय आहे," म्हणाले. मी सरळ कंगवा काढून घेतला. काकांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांचं धोतर ओढलं.

तेवढ्यात बाबांनी वस्तरा ठेवून दिला. गुरुजींचा एकच गाल झाला होता. "आज मूड नाही," म्हणाले आणि चहाला निघून गेले! दुसरा गाल काकांनी केला. गुरुजींसारख्या माणसाला अर्ध्यावर सोडून जायचं म्हणजे काय! माज आहे नुसता. रस्त्यात शेजारून गेलं तरी ओळख दाखवत नाहीत, तोच माज.

१६ मार्च, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुकानाला सुट्टी. दुपारी परवाच्या शूटिंगची टेप लावली. आई शेजारी घोरत होती म्हणून आवाज बंद. पहिल्यांदाच दोघे भाऊ एका वेळी बघत होते — आणि काका स्वतःच्या गिऱ्हाइकाकडे बघतच नाहीत. म्हणजे हात चालतात, पण नजर आरशात. बाबांच्या वस्तऱ्यावर.

बाबांचा वस्तरा गुरुजींच्या कानाकडे सरकतो. काकांचा कंगवा काचेवर पडतो. वस्तरा थांबतो. बाबा अख्खी मान वळवून बघतात, मग कानाला वळसा घालतात. पुढे कुणीतरी बाबांच्या उजवीकडून आत येतं. कंगवा. बाबा कोपर अंगाशी घेतात.

मागे घेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा. आवाज लावला. टक — थांबले. टक — थांबले. इतकी वर्षं मी एका वेळी एकालाच बघत होते. एक वेडा कंगवा आपटतो आणि दुसरा मध्येच थांबून ऐट करतो, असं वाटायचं.

मग ते आठवलं. "काळं कुठाय? चांगलं तर दिसतंय." आणि लवंडलेला कप. आणि उजवीकडची मिशी.

बाबांना कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. आणि परवा मी कंगवा काढून घेतला होता! गुरुजींच्या गळ्यावर वस्तरा असताना!

रडले. आई उठली तेव्हा म्हटलं, डोळ्यांत केस गेला.

१७ मार्च

काकांना सलूनच्या मागच्या मोरीपाशी गाठलं. टॉवेल पिळत होते.

"कळलं का तुला?" म्हणाले. "कुणाला बोललीस?"

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मिशी गेली तेव्हापासून. अगं, त्याचा हात कधी चुकला होता का? त्याला दिसलंच नाही. नंतर डोळे असे बारीक करून शोधत होता, काय उडवलं ते. मला म्हणतो, मुद्दाम केलं! मी म्हटलं, बरं बाबा, मुद्दाम तर मुद्दाम. कारागिराला दिसत नाही म्हटल्यावर कोण गळा पुढे करेल?"

"मग अबोला?"

"मी बोलत राहिलो असतो तर कधीतरी विचारलंच असतं ना त्याला. माझ्या तोंडात काही राहतं का?"

मी चिडले. म्हटलं, काका, लोकांच्या गळ्यांचा प्रश्न आहे! डॉक्टरकडे नाही का न्यायचं? काका टॉवेल झटकत म्हणाले, "खरचटलं का आजवर कुणाला? आणि डॉक्टरचं त्यालाच विचार. मी बोलत नाही त्याच्याशी."

दोघेही गाढव आहेत. एका आईची दोन गाढवं.

१९ मार्च

बाबांना सांगितलं. आईच्या देखत, म्हणजे पळता येऊ नये. आधी ओरडले. मग म्हणाले, कॅमेरा विकून टाक. मग अगदी हळू — "त्याला माहीत होतं?"

"तो कंगवा तुम्हाला काय वाटायचा?"

"मला वाटायचं... सवय आहे त्याची. बरी वेळेवर येते, एवढंच वाटायचं." आणि खिडकीकडे तोंड करून बसले. वाटलं, बाबा खोटं बोलतायत. कंगवा कशासाठी, ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

२३ मार्च, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरबाई बाबांवर भडकल्या. कडेची नजर गेली ती परत येणार नाही. आहे ती रोज थेंब घालून सांभाळायची. वस्तरा बंद. कात्री? "कात्री सावकाश, आणि शेजारी कुणीतरी हवं."

बाबा रिक्षात म्हणाले, "शेजारी कोण आणायचं? तो तर चालला." आणि मग, "गाळ्याच्या मालकाला सांग, नको म्हणावं." घरी येऊन वस्तरा पुसला आणि कपाटात ठेवला. जेवले नाहीत.

मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. "तिकीट काढलंय गं," एवढंच म्हणाले.

३१ मार्च, मंगळवार

शेवटचा दिवस. पॉइंट सिक्स लावला, काच तीनदा पुसली, बाकड्यावर पाय वर घेऊन बसले. खुर्चीत गुरुजी — त्यांनी हट्टच धरला, शेवटची दाढी इथेच. वस्तरा काकांच्या हातात. बाबा शेजारच्या रिकाम्या खुर्चीमागे नुसते उभे, हात तिच्या पाठीवर टाकून.

दोन खुर्च्या, दोन भाऊ, एक चौकट. कुणाला पाणी प्यायचं नव्हतं. कुणी हललं नाही. हवं होतं ते सगळं मिळालं आणि मला ते बघवेना.

गुरुजींचा गाल अर्धा झाला, तेव्हा काका थांबले. कंगवा उचलला आणि काचेवर आपटला. टक! समोर काही नव्हतं, कुणी आलंही नव्हतं. बाबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. गुरुजी म्हणाले, "काही सांगायचंय का कुणाला? मी आहे."

शटर काकांनी ओढलं. अडॅप्टर उद्या भिंगवाल्याला परत विकणार.

५ एप्रिल, रविवार

अडॅप्टर विकायचा नाही! मागच्या गल्लीतला गाळा (मालकाला 'नको' मी कळवलंच नव्हतं) जुन्या सलूनपेक्षाही अरुंद आहे आणि त्यात काल दुसरी खुर्ची कोंबली. कात्री बाबांची, वस्तरा काकांचा. तिकिटाचं काय झालं, कुणी बोलत नाही. अबोला चालूच. आज बाबा गुरुजींना म्हणाले, "सांगा त्याला, पंखा त्याच्या बाजूला लावलाय."