शिराळ्याच्या स्टँडवरचा युवा उद्योजक

३ जून २०२५, मंगळवार. सकाळी ११
आजपासून रोज डायरी. मोबाईलवर एका व्हिडिओत बघितलं, सगळे मोठे उद्योजक डायरी लिहितात. ही पतसंस्थेनं फुकट दिलेली, गेल्या वर्षीची. वार खोडून लिहावे लागतात. चालतंय.

संकल्प : रोज पाचला उठणे. ड्रोननं ऊसफवारणीचा बिझनेस सुरू करणे. संयोगिताचा विषय डोक्यातून काढणे.

शेवटचा संकल्प लगेच मोडला, कारण पोस्टमन आला. सांगलीच्या कोर्टाची नोटीस. घटस्फोटाला दोन वर्षं झाली तरी बाई पोटगी सोडत नाही. महिना पाच हजार. जानेवारीपासून दिली नाही हे खरंय. पण बंद केली असं मी म्हणणार नाही. पॉज केलीय. बिझनेस करायचा तर कॅश फ्लो बघावा लागतो.

ती सांगलीत खोली घेऊन नर्सिंग शिकते. शेवटचं वर्ष. ३१ जुलैपर्यंत फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं तिनं अर्जात लिहिलंय. शिकायचं वय आहे का हे? (मी बारावीला तीनदा बसलो. तो विषय वेगळा.)

५ जून
उठलो साडेनऊला. पण फ्रेश.

वकील रविराजकडे गेलो. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता, त्यामुळे त्याची फी उधार. त्यानं प्रतिज्ञापत्र केलं : विश्वजीत हा बेरोजगार असून त्यास काहीही उत्पन्न नाही, तो सर्वस्वी आईवर अवलंबून आहे. मी म्हणालो, बेरोजगार नको, फाउंडर लिही. रवी म्हणाला, गड्या, फाउंडरला पैसे भरावे लागतात. बेरोजगाराला जरा दम धरतात.

सही केली. त्या शब्दापाशी पेन अडखळलं. स्वाभिमानी माणसाला हे असं होतं.

१६ जून, सोमवार. रात्री
आज सांगलीला तारीख होती. साताऱ्यातून सातलाच बुलेट काढली, म्हणजे हेतू चांगला होता. पेठ नाका ओलांडला तर एका उसात ड्रोनचा डेमो. कामाचाच विषय. दहा मिनिटं थांबलो. साडेतीनला ड्रोन विहिरीत पडला. मग तो काढायला थांबावं लागलं, माणुसकी म्हणून.

ड्रोनचा बिझनेस कॅन्सल. एवढं नुकसान वाचलं म्हणजे कमाईच झाली.

रवीचा फोन. कोर्टानं वॉरंट काढलं. म्हणाला, आता एकेका महिन्याच्या थकबाकीला एकेक महिना आत घालू शकतात. मी हिशेब केला : पाच-सहा महिने शांतपणे पुस्तकं वाचायची, व्यायाम, वर फिटंफिट. वाईट नाही. रवी म्हणाला, फिटंफिट कसलं, आत बसून आलास तरी पैसे तसेच राहतात. कायदा एकतर्फी आहे.

२४ जून
हवालदार घरी येऊन गेले. मी दाढी करायला गेलो होतो. आईनं त्यांना चहा दिला, वर लग्नाच्या अल्बममधला माझा फोटो दाखवला. मी चिडलो. आई म्हणाली, आरं त्यांनी इचारलं, मी सांगितलं. खोटं कशाला बोलू? माझा पाय मोडला तवा तीन महिनं त्या पोरीनं मला उचलून बसवलंय. तवा तू कुठं हुतास?

गोव्याला होतो. होमस्टेच्या बिझनेसचा अभ्यास करायला. पण आईला हे कळणार नाही.

उद्यापासून टूर. पळून जाणं वेगळं आणि प्रवास वेगळा.

२ जुलै, औंध
दादासोमामाकडे आलोय. यमाईचं दर्शन घेतलं, खालूनच. पायऱ्या फार. देवीला कळतं.

मामाच्या सहा म्हशी. मामा म्हणाला, हाईस तंवर शेण काढू लाग. मी म्हणालो, मामा, मी सध्या दूधधंद्यावर रिसर्च करतोय. मामा म्हणाला, व्हय काय? मग रिसर्च हिकडनं सुरू कर, आणि पाटी हातात दिली.

संध्याकाळी धार काढताना विचारलं, पोरीचं पैसं दिलंस का न्हाई? मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. मामा म्हशीला म्हणाला, ऐकलंस का गं, प्रोसेसमधी हाय.

औंधचं पाणी मला मानवत नाही. उद्या निघणार.

११ जुलै, फलटण
राजवर्धनच्या ऑफिसात मुक्काम. हा जुना मित्र, येत्या नगरपरिषदेला उभं राहायचं म्हणतोय. इथं माणसाची किंमत आहे. शेण नाही.

कॉलला फोन बंद ठेवलाय. फक्त रील टाकतो, दिवसाला दोन. कॉन्टॅक्ट तुटायला नको.

राजवर्धनचा वीस तारखेला वाढदिवस. चौकात फ्लेक्स लागणार, खाली शुभेच्छुकांचे फोटो. वर्गणी पाच हजार. एवढ्या मोठ्या चौकात चेहरा येणार, त्या मानानं काहीच नाही. दिले. फोटोग्राफरनं गॉगल लावायला सांगितला. राजवर्धन म्हणाला, नावाखाली कायतरी घाल गड्या, नुसतं नाव बोडकं दिसतंय. बाकीच्यांनी घातलं तेच घातलं : युवा उद्योजक.

२१ जुलै
फ्लेक्स बघितला. चार वेळा, चार बाजूंनी. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

मग आयडिया आली. संयोगिताचं माहेर शिराळा. नागपंचमीला ती माहेरी येणारच. सांगलीची एसटी शिराळ्याच्या स्टँडवर थांबते. स्टँडसमोर माझा फ्लेक्स! दहा बाय वीस, मी एकटाच, फुल साइज, नावाखाली परत 'युवा उद्योजक'. 'समस्त शिराळकरांना नागपंचमीच्या हार्दिक शुभेच्छा!' तिनं एसटीतून उतरावं आणि कळावं, आपण काय सोडलं.

पैसे? ड्रोनसाठी बाजूला ठेवलेले होते. ड्रोन कॅन्सलच आहे.

फ्लेक्सवाल्यानं विचारलं, मोबाईल नंबर घालायचा का? घाल म्हणालो. नवीन कस्टमर यायचे.

२९ जुलै, नागपंचमी. शिराळा स्टँड. ११.२०
फ्लेक्सखालीच उभा आहे. गर्दी मरणाची. पोलीस बंदोबस्त पण जोरात, दर दहा पावलांवर एक. वातावरण सुरक्षित वाटतं.

११.४५. आली! हातात पिशवी, बारीक झालीय. उतरली, वर बघितलं. थांबली. मग खाली मला बघितलं. मग परत वर. मोबाईल काढून फ्लेक्सचा फोटो काढला. परत एक, झूम करून. काळजात अजून कुठंतरी जागा आहे.

आता एका पोलिसाशी बोलतेय. बहुतेक रस्ता विचारत असेल.

दुपारी ४. शिराळा पोलीस ठाणे
ती स्वतःच्या माहेरचा रस्ता का विचारेल, हे आधी सुचायला हवं होतं. वॉरंटाची कॉपी पर्समध्येच घेऊन फिरते. हवालदारांनी फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, साहेब, जरा गॉगल काढता का? ओळख पटली.

राजवर्धनला फोन केला. म्हणाला, आपलं नाव कुठं घेऊ नकोस गड्या, इलेक्शन आहे.

३० जुलै, सांगली कोर्ट
संयोगितानं फ्लेक्सचा फोटो दाखल केला. सोबत माझं प्रतिज्ञापत्र. जजसाहेबांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून विचारलं, तुम्ही युवा उद्योजक आहात की बेरोजगार? जे खरं असेल ते सांगा.

रवीकडे बघितलं. तो बुटाची लेस बांधत होता.

उद्योजक म्हणावं तर पैसे भरा. बेरोजगार म्हणावं तर फ्लेक्सला पैसे कुठून आले? मी म्हणालो, साहेब, थोडा थोडा दोन्ही. कोर्टात हसले लोक. साहेब हसले नाहीत. उद्या दुपारपर्यंत सगळी बाकी भरा, नाहीतर आत.

बाहेर संयोगिता समोर आली. संसारात तीन वर्षं अहो-जाहो करायची. आज म्हणाली, विश्वजीत, फोटो चांगला आलाय तुझा. थँक यू.

कशाबद्दल थँक यू, ते मला रात्री जेवताना कळलं.

३१ जुलै
आईनं मामाला बोलावलं. मामानं बुलेट विकत घेतली, ते पैसे कोर्टात मोजून भरले. मामा म्हणाला, दुधाच्या किटल्या लावायला बरी पडंल. माझी बुलेट!

चारच्या आत संयोगिताची फी भरली गेली म्हणे. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं आईच्या पायाला हात लावला. दोघी रडल्या. मी शेजारीच उभा होतो. सातारची एसटी विचारून ये म्हणून आईनं मला पाठवलं.

९ ऑगस्ट, सातारा
दर पाच तारखेला पाच हजार. त्यामुळे तूर्त फ्लेक्सवाल्याकडे कामाला लागलोय. बांबूवर चढून खिळे मारायचे. आउटडोअर मीडियाचा आतून अभ्यास होतोय.

पहिलंच बाहेरचं काम : शिराळ्याला जाऊन मुदत संपलेला फ्लेक्स उतरवणे. माझाच. मालक म्हणाला, ने घरी, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा न्हाई.

आणला. आईनं तो घरामागच्या परड्यात गोवऱ्यांवर टाकला. रात्रभर पाऊस झाला. सकाळी बघतो तर गॉगलच्या दोन्ही काचांत पाणी साठलेलं, आणि 'उद्योजक'वर शेळी बसलेली. खालच्या गोवऱ्या मात्र कोरड्या ठणठणीत.

आईनं एक गोवरी काढून मोडून बघितली. म्हणाली, एवढ्या वर्षांत पयल्यांदाच उपेगी पडलास बघ.

फोटोकडे बघून म्हणाली. मी मागं उभा होतो.