धबधब्यामागचा डाव

बुधवार
रविवारी ऑफिसची सहल. धबधबा आणि त्याच्या वर, नदी दिसते तो व्ह्यू पॉइंट. खर्च ऑफिसचा. कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी साहेब साखऱ्याला विचारत होते, यांना वर घ्यायचं की खालीच ठेवायचं? मला पाहताच दोघेही गप्प. साखऱ्या म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. सगळ्यांशी गोड बोलतो, म्हणून नाव मी ठेवलंय. गोदाम विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी आहे. लायक दोघेच. मी, आणि नाइलाजाने तो. म्हणजे ही सहल नाही, परीक्षा आहे. ती जागा मला हवीच आहे. उद्यापासून रोज जिने चढणार.

गुरुवार, सकाळ
लिफ्ट खालीच उभी होती. दारात आलेल्या लिफ्टला नाही म्हणणं बरं दिसत नाही. उद्या नक्की.

शुक्रवार
गुडघा कसा आहे, साखऱ्याने विचारलं. याला कोणी सांगितलं? हिचं म्हणणं, स्टॉक मोजायची वेळ आली तेव्हा मीच लंगडत सगळ्या ऑफिसला सांगत फिरलो होतो. ही नक्की कोणाच्या बाजूने आहे?
जिना : अर्धा. उतरताना.

रविवार, सकाळ
वाटेला फाटा. साखऱ्या म्हणाला, डावीकडून या, उजवी वाट फिरून परत गाडीपाशीच जाते. इतक्या आपुलकीने! सगळा डाव लक्षात आला. बुटाची नाडी बांधत मागे राहिलो आणि उजवी वाट धरली. आधी वर पोहोचून साहेबांचं स्वागत करणार. मोबाइल बंद ठेवलाय, उगाच कोणी दिशाभूल करायला नको.
धबधब्याचा आवाज कमी होत चाललाय. वारा उलटा असेल.

रविवार, दुपार
गाडीपाशी आहे. साखऱ्या चक्क खरं बोलला. माणूस वाटला त्याहून पोचलेला आहे.

ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी तुमच्यासाठी घडीची खुर्ची घ्यायला लावली. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्हाला वर घ्यायचं की खालीच ठेवायचं, त्यांचं ठरत नव्हतं.
खुर्चीत बसलो. बरी आहे.

सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काल व्ह्यू पॉइंटवर ते नव्या प्रमुखाचं नाव जाहीर करणार होते. नाव माझं होतं. सुचवलं साखऱ्याने. पण मी दिसेना, म्हणून सगळे धबधबा सोडून मला हाका मारत झाडीत फिरत राहिले. साहेब म्हणाले, फोन बंद करून नाहीशा होणाऱ्या माणसाच्या हाती गोदामाच्या किल्ल्या देववत नाहीत. आजपासून प्रमुख साखऱ्या.

वाईट वाटलं. खूप वाटलं. अभिनंदन करायला गेलो तर साखऱ्याचेच डोळे भरून आले. सर्दी असणार.

संध्याकाळी हिने विचारलं, काल आल्या आल्या झोपलात, धबधबा कसा होता ते सांगितलंच नाहीत. उत्तम होता, म्हणालो. पाणी किती होतं? भरपूर.  त्यावर ती नुसती शेजारी येऊन बसली.

हिला कोणीतरी सांगितलंय.