उतारावरची माती

कोळवण, १२ मे

चि. नरहरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन केला की मध्येच ठेवतोस, म्हणून पत्र. आबांनी वाटणीत तुला वरचा उतार दिला, मला खालची पेरूची बाग. काल तुझ्या जेसीबीने तो उतार न्हाव्याने डोकं भादरावं तसा साफ केला. आबांनी बांधासारख्या आडव्या रचलेल्या दगडी ताली फोडल्या, गवत मुळासकट काढलं. आता जुलैत पाणी कशाने अडणार, असं तुझ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, साहेबांनी लॅपटॉपवर सगळं बघितलंय. तुझ्या लॅपटॉपला मुळशीचा पाऊस ठाऊक आहे का रे?

लोभ आहे, म्हणूनच रागावते.
तुझी चंद्राताई

नांदे, २० मे

ती. चंद्राताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र तृप्तीने मोठ्याने वाचलं, आम्ही नवराबायको पोट धरून हसलो. तुझ्या बागेत झाडांखाली पाचोळा, मधे गवत. शेळ्यांचा गोठा तरी बरा दिसतो. माझ्याकडे केशर आंब्याची तयार झाडं येताहेत. ठिबकचं पाणी मी नांद्यात बसून फोनवरून सोडणार. ताली ट्रॅक्टरला आडव्या येत होत्या. जग पुढे गेलंय, ताई.

लोभ असावा, सल्ला कमी असावा.
नरहरी

कोळवण, १९ जुलै

चि. नरहरीस आशीर्वाद, वि. वि.

तुझी झाडं बघायला वर चढायची गरज उरली नाही. तीच खाली आलीत. मंगळवारच्या पावसात उतार सुटला. नर्सरीच्या चिठ्ठ्या गळ्यात घालून तुझे केशर माझ्या पेरूंत आडवे पडलेत. ठिबकची नळी शेजारच्या भैरूच्या म्हशीच्या शिंगांत अडकली. तो विचारत होता, ही फोनवरून सुटती का.

माणूस दगावलं नाही, एवढंच नशीब. पेरूंची खोडं कमरेइतक्या गाळात आहेत. मी आणि माझा पोरगा कैलास हातांनी उपसतोय, पण मुळं गुदमरून पानं पिवळी पडायला लागली. अर्धी बाग जाणार. तुझ्याकडे वर आता नुसता मुरूम उरलाय. तो भिजव फोनवरून.

आशीर्वाद आहेत, पण आज हात वर होत नाही.
चंद्रा

नांदे, ५ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार, वि. वि.

इतके दिवस लिहायचा धीर झाला नाही. रविवारी न सांगता येऊन गेलो. तू बाजारात होतीस. वाळलेली पेरूची झाडं तोडून कैलासने बांधाला रचली होती. ते बघून तुझ्या दारात थांबवेना. सल्लागार म्हणतो, पायथ्याला काँक्रीटची भिंत घाला. तू म्हणशील तसं करतो. शनिवारी येऊ का?

माया राहिली असेल तर कळव.
नरहरी

कोळवण, ९ ऑक्टोबर

चि. नरहरीस आशीर्वाद, वि. वि.

भिंत? म्हणजे पाणी मागे तुंबून भिंतीसकट माझ्या अंगणात येईल. सल्लागाराला म्हणावं, आधी स्वतःच्या घराच्या डोक्यावर बांध.

उताराला आडवे चर खणायचे. निघालेली माती खालच्या अंगाला घालून तिच्यावर गवताची ठोंबं लावायची. ताली पुन्हा रचायच्या. तोवर झाडांचं नाव काढायचं नाही. जेसीबी आणलास तर पुढ्यात आडवी पडेन.

शनिवारी ये. कुदळ आण, जुने कपडे घाल. साहेब वाकून खणणार हे मी गावभर सांगितलंय, बघ्यांची गर्दी होईल. त्या गर्दीत मला शोधू नकोस. मी तुझ्याआधी वर खणत असेन.

तुझी ताई
चंद्रा