भज्यांत काय होतं

शनि., १ मार्च
मेगनकडे बिअरचं टेस्टिंग. चौघी, पाच बाटल्या. (ऑफिसात शेजारी बसते ती. गाड्यांच्या रंगाच्या टेस्ट आम्ही दोघी मिळून करतो.)
तिसरी बाटली जर्मन, गव्हाची. रंग गढूळ सोनेरी, फेस तीन बोटं, टिकला. वास पिकलेल्या केळ्याचा, मागून लवंग. घातलेलं दोन्ही नाही, सगळं यीस्टचं काम. शेवटी थोडी बाटलीत हलवून ओतायची, म्हणजे तळाचं यीस्ट ग्लासात येतं. कडवटपणा जवळजवळ नाही. आवडली. दुसरा ग्लास घेतला.
पुढच्या शनि. माझ्याकडे. हीच बिअर, खाणं आपलं. मेगन म्हणाली, तू रिपोर्ट द्यायचा असल्यासारखी पितेस.

रवि., २ मार्च
वानखेडेकाकांच्या बेसमेंटमध्ये रविवारची बुद्धवंदना. काका एकेक शील म्हणतात, आम्ही मागून. पाचव्याला, मद्यापासून दूर राहण्याच्या, नुसते ओठ हलवले. असं ऑक्टोबरपासून चाललंय.
एक नवीन जोडपं होतं. काकांनी नेहमीप्रमाणे आपणहून सांगितलं, "मी पिणारा माणूस. नऊ वर्षं झाली, घेतली नाही." गाव सांगावं तसं. त्यांना हे सांगता येतं. मला नाही.
नोकरीसाठी अमेरिकेत, इथे ट्रॉयला आले तेव्हा पहिले तीन आठवडे मी याच घरात राहिले.
पुढच्या रवि. भजी मी करून न्यायची.

शनि., ८ मार्च
नोंदी:
सावजी अंडाकरी – बाद. बिअरमधल्या गॅसने तिखट आणखी पेटतं, केळ्याचा वास मरतो.
ढोकळा – ठीक. राईची फोडणी लवंगेच्या आड येते.
कोथिंबीर वडी – चांगली.
कांदाभजी – सगळ्यात वर. पीठ पाण्याऐवजी याच बिअरमध्ये भिजवलं. हलकी, जाळीदार, कांद्याचा गोडवा पुढे येतो. मेगनने कढईपाशी उभ्यानेच खाल्ली.
पीठ बरंच उरलं. डब्यात घालून फ्रिजमध्ये.

रवि., ९ मार्च
सकाळी बेसन कमी पडलं. माणसं वीस. निघायला चाळीस मिनिटं. कालचं पीठ आजच्यात मिसळलं.
चुकून नाही. विचार करून मिसळलं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, तळणीचं तेल असतं १८०वर. काही उरत नाही, असं स्वतःला सांगितलं आणि तळायला घेतलं.
वंदनेनंतर काकू सगळ्यांना सांगत होत्या, "इंजिनिअरबाईची भजी आहेत. एकाच मापाची निघतील, पट्टी लावून पाहा." हसले सगळे. भजी भराभर संपत होती.
काकांनी दोन खाल्ली. तिसरं तोंडाजवळ नेऊन थांबले. वास घेतला.
"काय टाकलं वं याच्यात? चव ओळखीची वाटते."
"ओवा," मी म्हणाले.
"ओवा?"
"जरा जास्त पडलाय, काका."
त्यांनी मान हलवली. भजं ताटात ठेवलं आणि वर निघून गेले. चहालाही खाली आले नाहीत.

सोम., १० मार्च
भजं आतून ओलं असतं. आत शंभराच्या वर जात नाही. अल्कोहोल पाण्यात मिसळलेलं असतं, सगळं उडत नाही. हे मला काल सकाळीही माहीत होतं. वासाचा तर विचारच केला नाही. दहा वेळा वास घेऊन नोंदी केल्या त्याच बाटलीचा.
चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही गेलं.

रवि., १६ मार्च
काका वंदनेला नव्हते. काकूंनी घेतली.
नंतर भांडी पुसताना काकू हळूच म्हणाल्या, काका आठवडाभर जेवणावरून अर्धवट उठतात. दुपारी गाडी काढतात, तासाभराने येतात, कुठे गेलो होतो सांगत नाहीत. मग मला विचारलं, "तुझ्याशी काही बोलले का? तुझ्याशी बोलतात ते."
मी नाही म्हणाले. एवढं खरं होतं.

मंगळ., १८ मार्च
मेगनला सांगितलं. ती म्हणाली, दोन भज्यांनी कोणी पीत नाही पुन्हा, डोस काढून बघ. काढलेला आहे. नगण्य. पण नऊ वर्षांनी एखाद्याच्या जिभेला काय पुरतं, याचं माप माझ्याकडे नाही.
तिचं पुढचं टेस्टिंग एप्रिलमध्ये. येत नाही म्हटलं. कारण दिलं नाही. तिने विचारलंही नाही.

शुक्र., २१ मार्च
तीनदा मेसेज लिहिला, पुसला. पहिल्यात 'गैरसमज' होता. दुसऱ्यात 'नकळत'. तिसऱ्यात फक्त 'काका'.

शनि., २२ मार्च
काकांकडे गेले. काकू बाहेर. काका ड्राइव्हवेवरचं मीठ झाडत होते, थंडीत बर्फावर टाकलेलं. उभ्याउभ्याच सांगितलं. भज्यांत बिअर होती. गव्हाची. मला माहीत होतं. ओव्याचं मी खोटं बोलले.
ते झाडूवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.
"म्हणजे होती."
"हो."
"मी समजलो माझंच डोकं. नऊ वर्षांनी बेसनात बिअर लागते जिभेला, म्हणजे आतून पुन्हा सुरू झालं."
मग म्हणाले, रोज दुपारी दारूच्या दुकानापाशी जाऊन गाडीत बसत होतो. खरंच सुरू झालंय का, ते बघायला. आत गेले का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिलेला नाही.
माफी मागितली. ते "बरं" म्हणाले. माफ केलं असं नाही म्हणाले.
"तू घेतेस?"
"हो, काका."
"कवापासून?"
"ऑक्टोबर."
रागावले असते तर सोपं गेलं असतं. पुन्हा झाडायला लागले. मी गाडीपाशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "उद्या मी बसतो मागे. वंदना तू घे."
म्हणजे पाचही शीलं आधी मी म्हणायची, मोठ्याने, आणि मागून सगळ्यांनी. काकांनीसुद्धा.
उद्या अकराला. फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत. काकांना अजून हो कळवलेलं नाही, नाहीही नाही.