उकळूनही न मरणारं प्रोटीन

४ जानेवारी
रोजनिशी पुन्हा सुरू. यंदा लॅबमध्ये चिडायचं नाही, आणि जूनपर्यंत कायम नोकरी. डिपार्टमेंटमध्ये जागा एकच आहे. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, हातात पेपर असेल तरच इंटरव्ह्यूला नाव जाईल. म्हणजे अर्धं काम झालंच, पेपर डोक्यात तयार आहे. बायकोला दुसऱ्या शहरात बढती मिळत होती, ती हिने माझ्यासाठी जूनपर्यंत लांबवली. जूनपर्यंतच, असं दोनदा म्हणाली. एकदा म्हटलं असतं तरी कळलं असतं.

१९ जानेवारी, संध्याकाळ
जमलं.
आपल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. पहारेकरीच म्हणा. ते जंतूचा चेहरा बघत नाहीत, त्याच्या अंगावरचा कोट ओळखतात. कोटाचा तुकडा जरी लागला तरी पेशीच्या आत निरोप जातो, पेशी रसायनं सोडते, मग सूज, लाली, ताप. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते माझं: जखमी पेशीतून सांडणारं आपलंच एक प्रोटीन या पहारेकऱ्याला उठवतं. जंतूचा पत्ताच नसताना. आज टेस्टची अख्खी प्लेट पिवळीधमक झाली. पिवळं म्हणजे सूज. जगातल्या निम्म्या सांधेदुखीचं कोडं सुटलं. हिला फोन केला. म्हणाली, येताना दूध आण.
विसरलो. अशा दिवशी दूध कोणाच्या लक्षात राहतं?

१० फेब्रुवारी
मीटिंग. आमच्या लॅबमध्ये एक ज्युनियर आहे, तिला मी कुमारी शंका म्हणतो. पिपेट कशी धरायची हे मीच शिकवलं तिला. तिने सगळ्यांसमोर विचारलं की सर, हे प्रोटीन आपण बॅक्टेरियातच वाढवतो ना, मग त्यांच्या कोटाचे तुकडे त्यात राहिले असतील तर? त्या तुकड्यांची, म्हणजे एंडोटॉक्सिनची, टेस्ट करून बघू या का?
म्हणजे मला प्रोटीन धुता येत नाही. मी शांतपणे सांगितलं की माझा हात स्वच्छ आहे. मग किट यायला वेळ लागतो हेही सांगितलं, ते जरा मोठ्या आवाजात. चिडायचं नाही हा नियम मीटिंगला लागू नाही.

२ मार्च
तिचं तोंड बंद करायचं म्हणून प्रोटीन उकळून पेशींवर टाकलं. उकळल्यावर प्रोटीन मोडतं. मग परिणाम थांबला, की सिद्ध झालं, काम प्रोटीनचंच.
थांबला नाही. होता तेवढाच पिवळा.
दुपारभर विचार केला. निष्कर्ष: हे प्रोटीन साधं नाही, उकळूनही मरत नाही. शोध दुप्पट मोठा झाला. पेपरचं शीर्षक बदललं.
कुमारी शंका जवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, उकळून प्रोटीन मरतं. कोट नाही मरत."
मला वाचवायला निघाल्यासारखा तो आवाज. डोक्यात तिडीक गेली. मॅडमना सांगितलं, या कामावर एक तर ती राहील नाही तर मी. मॅडमनी तिला या कामावरून काढून दुसऱ्या कामावर टाकलं. जाताना तिने माझ्या प्रोटीनची एक नळी मागितली. दिली. माझं मन मोठं आहे.

२७ मार्च
पेपर पाठवला. घरी हिने विचारलं, ती मुलगी बरोबर असली तर? मी दोन दिवस अबोला धरला. हिला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

१४ मे
पेपर परत आला. तिन्ही परीक्षकांनी एंडोटॉक्सिनची टेस्ट मागितली आहे. तिघांनीही. कुठेतरी पाणी मुरतंय. लोक मला पाण्यात पाहतात, हे मी जुनं निरीक्षण इथे पुन्हा नोंदवतो. किट मागवलं.

२८ मे
किटचा नियम सोपा आहे. कोटाचे तुकडे असले तर नळीतलं पाणी थिजतं. माझी नळी उलटी केली. थेंब खाली आला नाही. प्रोटीन पातळ केलं, थिजलं. आणखी पातळ केलं, थिजलं. मग गाळून तुकडे काढून टाकले आणि नुसतं प्रोटीन पेशींवर घातलं. प्लेट पाण्यासारखी. पेशी ढिम्म.
म्हणजे पहारेकरी बरोबर होते. जंतूचा कोट होता, म्हणून ते ओरडत होते.
किटची एक्स्पायरी तपासली. पुढच्या वर्षीची आहे. छापताना चूक होऊ शकते.

११ जून
इंटरव्ह्यूच्या यादीत नाव नाही. घरी सांगितलं की मॅडमनी दगा दिला, परीक्षकांनी दावा साधला, ज्युनियरने केसाने गळा कापला. हिने सगळं ऐकून घेतलं. बॅग अर्धी भरलेली होती.
"मी बढती थांबवली," ही म्हणाली. "तुला एक पेपर थांबवता आला नाही."
उत्तर सुचलं, पण ती गेल्यावर. तसं चांगलं नव्हतंच. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

३० जून
मॅडमचा नवा नियम: यापुढे एंडोटॉक्सिनची टेस्ट सगळ्यांना सक्तीची. किट नीट चालतंय का हे बघायला दर वेळी एक खात्रीने घाण नमुना लागतो. फ्रिज उघडला तर पुढेच माझी नळी, कुमारी शंकेला दिलेली. माझ्या अक्षरातलं प्रोटीनचं नाव खोडलेलं. खाली तिच्या अक्षरात: 'पॉझिटिव्ह कंट्रोल. सर्वांसाठी. फेकू नये.'
वरच्या मजल्यावरचे लोकही तीच नेतात म्हणे. इतकी भरवशाची घाण दुसरीकडे मिळत नाही.
माझं टेबल आज रिकामं केलं. सामान एका खोक्यात मावलं.
नळी कायम झाली.