ओढायची सवय

छत्रीबाग, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४

आज आनंद मावत नाहीये! वीस वर्षं मिलच्या दवाखान्यात नर्स होते. तिथं कुणी पडला की आधी मशीनपासून ओढायचा. मिल बंद पडली, हातांची सवय गेली नाही. खेळाडूंच्या दुखापतींच्या ट्रेनिंगमध्ये परवा मी सरावाच्या पुतळ्यालाही ओढलं. डॉक्टरसाहेब ओरडले, "सिस्टर, मान मोडलीत त्याची!"

आज कुस्त्यांच्या मैदानात आम्हा ट्रेनिंगवाल्यांची ड्यूटी होती. एक पहिलवान मानेवर आपटला. त्याचे उस्ताद उचलायला धावले. मी मातीत बसून त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. "उस्तादजी, हाथ मत लगाना!" हे मीच ओरडले का? स्ट्रेचरवर त्यानं पायाची बोटं हलवली. हलवली ना? हो, पाहिली मी.

"सिस्टर, आता सोडा," डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले. मानेला पट्टा केव्हाच बांधून झाला होता. माझे हात सुटतच नव्हते.