चौथ्या गाण्यातला ठोका

कलुबादादा,

काल किट्वेला खाणकामगारांच्या क्लबात आपल्या बँडची ती रेकॉर्ड अख्खी वाजवली, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने. जुन्यांपैकी उरलोय मी आणि गिटारवाला सिमुतोवे, आणि तोही आता खुर्चीत बसून वाजवतो. ड्रमवर तुझी लेक म्वापे होती.

चौथं गाणं तुला आठवतंच. कडव्याआधीच्या शांततेत तू एक ठोका आधीच हाणलास आणि पुन्हा वाजवायला टेप शिल्लक नव्हती. ते गाणं लागलं की तू रेडिओ बंद करायचास, अगदी मरेपर्यंत.

तालमीत म्वापे म्हणाली, "काका, बाबांची चूकपण वाजवायची ना? रेकॉर्डवर आहे तशी?"

"खबरदार! तुझा बाप थडग्यातून उठून माझा कान पिळेल."

"उठू देत की!"

मी ऐकलं नाही. बरोबरच वाजवायचं, असं तिला बजावलं.

काल ती शांतता आली. म्वापेने ठरल्याप्रमाणे काठ्या वर धरून ठेवल्या. आणि एक ठोका आधी सगळ्या हॉलने टाळी वाजवली. एकच टाळी, नेमकी तुझ्या जागेवर. रेकॉर्ड निघाली तेव्हा जन्मलीही नव्हती, त्या पोरांनीसुद्धा.

सिमुतोवे ओरडला, "चिलेशे, अरे वाजव!" माझी बोटं बासच्या तारांवरून हलेनात.

म्वापेने काठ्या मांडीवर ठेवल्या. म्हणाली, "काका, उठले बघा."

कान पुढे करून बसलेला,
तुझा धाकटा
चिलेशे